हसण्याच्या चिठ्ठ्या

आमच्या दातांच्या दवाखान्यात दोनच माणसं अशी होती की ज्यांच्यावाचून तिथलं पान हलत नसे. एक डॉक्टर आणि दुसरे मागच्या खोलीतले कवळीकर. डॉक्टरांचं नाव बाहेर पाटीवर होतं, कवळीकरांचं कुठंच नव्हतं. कवळीकर हे मुळात त्यांचं नावच नव्हे. कवळ्या करतात म्हणून कधीतरी कुणीतरी चिकटवलेलं ते, आणि इतकं पक्कं बसलं की एकदा त्यांच्या खऱ्या नावाचं पत्र आलं तेव्हा 'असं इथं कुणी नाही' म्हणून मी ते परत पाठवायला निघाले होते.

मी पुढच्या टेबलावर बसायची. अजूनही बसते. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, घाबरलेल्याला पाणी द्यायचं आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाला "झालंच" असं उत्तर द्यायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं मी "झालंच" म्हणतेय आणि एकदाही ते खरं नव्हतं. माझ्या पाठीमागच्या भिंतीत हातभर रुंदीची एक सरकती खिडकी होती. तिच्यापलीकडे कवळीकरांची खोली.

त्या खोलीत एक लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, दात घासायचं मोटरचं चाक आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने घातलेला नंबर. जुने साचे टाकून द्यायचे असतात, पण कवळीकर एकही टाकत नसत. साफसफाईला नवीन बाई लागली होती, तिने चौथ्या दिवशी काम सोडलं. म्हणाली, "बाई, मी झाडू मारते आणि ते सगळे मिळून मला हसतात." तेव्हापासून ती खोली कवळीकर स्वतःच झाडायचे.

काम असं चालायचं. डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून ठसा घ्यायचे. तो ठसा आणि सोबत एक कागद मागे जायचा. कागदावर नंबर, वय आणि दातांचा रंग, बस्स. तेवढ्यावर माणसाचं हसू बनवायचं. बाकीच्या ठिकाणी तेवढ्यावरच बनवतात. आमच्याकडे मात्र मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात मागची खिडकी सरकली आणि एक चिठ्ठी टेबलावर आली. 'नंबर ४१२. हसतात कशा?'

मला वाटलं, नव्या माणसाची कुणीतरी फिरकी घेतंय. मी खाली लिहिलं, 'हसत नाहीत. दात नाहीत म्हणून तर आल्यात.' चिठ्ठी परत आली. 'दात होते तेव्हा?' आता आली का पंचाईत! बाई समोरच बाकावर बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "दात होते तेव्हा नवरापण होता. त्यामुळं फारसं नाही." मी शब्द न शब्द लिहून पाठवलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तोवर मला त्या खोलीत कुणी हसू शकतं याची कल्पना नव्हती.

मग तो रिवाजच पडला. कागद मागे गेला की खिडकी सरकायची, आणि मी समोरच्या माणसाकडे बघून लिहायची. 'मोठ्याने. खुर्ची हलते.' 'एका बाजूने. निवृत्त मास्तर. दुसरी बाजू मुलांना दिसू द्यायची नसावी.' 'तोंडावर हात नेतात. सवय जुनी दिसते.' 'आधी खोकतात, मग हसतात.' माझ्यासारख्या बोलभांड बाईला दोन ओळींत आवरायला कवळीकरांनी शिकवलं. आणि ते त्या दोन ओळी वाचून दात लावायचे. कुणाचा सुळा जरा झिजवायचे, कुणाच्या पुढच्या दोघांत केसभर फट ठेवायचे. "अगदी सरळ दात कुणाचे नसतात, ताई," ते म्हणायचे. "कवायतीला उभे केल्यासारखे दिसले की माणूस खोटं हसतोय असं वाटतं."

स्वतः ते कधी पुढे आले नाहीत. पेशंट कवळी घालून आरशात बघायचे, कुणी रडायचं, एका आजोबांनी तर डॉक्टरांचा हात हातात घेऊन सोडलाच नाही. मी खिडकीतून म्हणायची, "या की, बघून तरी जा." कवळीकर मान हलवायचे. "मी पुढं आलो की त्यांना कळतं, हे दात कुणीतरी केलेत. ते कळता कामा नये." इतकी वर्षं शेकडो माणसं त्यांनी केलेल्या दातांनी जेवली, भांडली, फोटोत हसली, आणि रस्त्यात समोरून आली तर एकालाही हा माणूस कोण ते माहीत नव्हतं. त्यांना मात्र माहीत असायचं. रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघून ते थबकायचे, मनातल्या मनात खूश व्हायचे आणि पुढे चालू लागायचे. लोकांना ते जरा चक्रम वाटायचे.

माझा एक दात त्यांचाच आहे. अकरा वर्षांपूर्वी ओल्या फरशीवरून फोन घ्यायला पळाले आणि तोंडावर पडले, अगदी शब्दशः. वरचा पुढचा दात निम्मा तुटला. त्यांनी असा करून दिला की खरा कुठला नि खोटा कुठला हे आता मलाही जिभेने चाचपडून बघावं लागतं. तेव्हा मी विचारलं होतं, "माझी चिठ्ठी कुणी लिहिली?" ते म्हणाले, "लागली नाही." मला जरा वाईटच वाटलं होतं. माझ्यावर दोन ओळी लिहाव्यात असं कुणाला वाटलं नाही म्हणून. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

वहिनी, म्हणजे कवळीकरांच्या पत्नी, होत्या तोवर दुपारी एक वाजता मागचं दार वाजायचं. त्या डबा घेऊन यायच्या, टेबलासमोरच्या स्टुलावर बसायच्या, आणि दोघं जेवायची. खिडकी उघडी असली की मला वहिनींचं बोलणं ऐकू यायचं. कवळीकरांचं नुसतं हूं हूं. वहिनींचा वरचा एक दात, डाव्या बाजूचा, पुढच्या दातावर जरासा चढलेला होता. रांगेतला कुणीतरी पुढे काय चाललंय म्हणून वाकून बघतो ना, तसा. हसल्या की तो आधी दिसायचा. मी एकदा कवळीकरांना टोकलं, "जगाचे दात करता, बायकोचा एक दात सरळ करून घेता येत नाही?" ते म्हणाले, "घरच्या दाताला हात लावायचा नाही."

पाच वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. आजार लांबला नाही, एवढंच काय ते बरं. मूलबाळ नव्हतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी कवळीकर कामावर हजर झाले. एक वाजता स्वतःच आणलेला डबा उघडून जेवले. समोरचं स्टूल तसंच रिकामं राहायचं. मग एके दिवशी त्यांनी त्यावर प्लास्टरची पिशवी ठेवली, आणि ती कायमची तिथंच राहिली. मी एकटी राहते, त्यामुळे रिकाम्या जागेवर काहीतरी ठेवावं लागतं हे मला माहीत होतं. माझ्याकडे इस्त्रीचे कपडे असतात.

तर असं सगळं चाललेलं असताना एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. हातात चकचकीत बॅग. डॉक्टरांना एक यंत्र विकायला आला होता. त्याची दांडी तोंडात फिरवली की ठसाबिसा काही नको, जबडा थेट पडद्यावर. मग तो जबडा तारेवरून कंपनीत जाणार आणि तिथली यंत्रं दात बनवून खोक्यातून पाठवणार. डॉक्टर कौतुकाने ऐकत होते. बोलता बोलता बॅगवाल्याने टेबलावरची एक तयार कवळी सहज उचलली. आधी उलटी केली, मग सुलटी, मग खिडकीच्या उजेडात नेली. "हिरड्यांचा हा रंग कुणी दिला?" त्याने विचारलं. "हे आमच्या यंत्राला जमत नाही."

पंधरा दिवसांत कवळीकरांच्या नावे पत्र आलं. हेच ते, जे मी परत पाठवायला निघाले होते. राजधानीतल्या कारखान्यात शेवटचा हात फिरवायचा विभाग, त्याचे प्रमुख. हाताखाली दहा माणसं. राहायला खोल्या. होय की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं. सोबत एक छापील फॉर्म, सहीच्या जागेवर फुली मारलेला.

कवळीकरांनी पत्र मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि म्हटलं, "अहो, छानच!" माझा आवाज मलाच परका वाटला.

"विचार करतो," ते म्हणाले.

विचार म्हणजे काय, तर ते महिनाभर लोकांना विचारत राहिले. थेट नाही. त्यांचा स्वभावच आडून बोलण्याचा. डॉक्टरांना म्हणाले, "इथलं काम खोळंबेल." डॉक्टर चांगला माणूस आहे, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. ते पटकन म्हणाले, "त्याची काळजी नको. यंत्र येतंच आहे. तुम्ही राहिलात तर मागची खोली आहे तोवर आहे, पण तुमचं भलं होत असेल तर जा." कवळीकर मला नंतर म्हणाले, "उत्तर तयार होतं त्यांच्याकडे." गावी असलेल्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "जा की दादा. तिथं तुला धरून ठेवणारं कोण आहे आता?" शेजारी म्हणाले, "तुम्हाला काय, दोन बॅगांत घर मावेल." दूधवाल्याने तर कहर केला. म्हणाला, "जायच्या आदल्या दिवशी सांगा फक्त."

सगळे भल्यासाठीच बोलत होते. प्रत्येक वेळी कवळीकर मान डोलवायचे आणि फॉर्म परत टेबलाच्या खणात जायचा. त्यांचं घोडं कुठं अडलंय ते मला कळेना. पगार चांगला, मान चांगला, हात अजून स्थिर. जाऊ नये असं एकही कारण नव्हतं. मला एक माहीत होतं, पण ते माझं होतं.

ते आता सांगून टाकते, उगीच झाकपाक नको. मला तो माणूस हवा होता. लग्नाबिग्नासाठी नव्हे, ते वय आणि ती हौस दोन्ही सरली. खिडकीपलीकडे असायला हवा होता. दिवसभरात ज्याला चार ओळी लिहाव्यात असं एकच माणूस होतं माझ्या आयुष्यात. घरी गेल्यावर मी कुणाशी बोलत नाही. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला तेवढी उलट उत्तरं देते. पण चांगल्या माणसाने अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. विसाव्या तारखेला त्यांनी खिडकीतून विचारलं, "ताई, तुमचं काय मत?" आणि मी म्हटलं, "जा. अशी संधी परत येत नाही."

"सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले आणि खिडकी सरकवून घेतली. एरवी ती उघडी असायची.

त्या आठवड्यात एक आजी आल्या होत्या, सोबत सून. नंबर २६४०. मी चिठ्ठी लिहिली होती, 'बेताने. आधी सुनेकडे बघतात, मग हसतात.' कवळी पक्की करायच्या आधी दात नुसते मेणात बसवून तोंडात घालून बघतात, म्हणजे काही चुकलं तर बदलता येतं. ते बघायला सत्तावीस तारखेला आजींना बोलावलं होतं. मी कागद द्यायला डॉक्टरांच्या खोलीत गेले. आजींच्या तोंडात मेणातले दात होते आणि त्या हातातल्या आरशात बघून ओठ हलवत होत्या.

डावीकडचा दात पुढच्या दातावर चढला होता. वाकून बघत होता. वहिनी!

डॉक्टर वाकून बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "हा दात असा कसा बसवला? कधी असं होत नाही यांच्याकडून. ताई, जरा बोलवा त्यांना." मी खिडकीशी गेले आणि नुसतं म्हटलं, "कवळीकर, या." माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ते आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कोपरापर्यंत प्लास्टर, अंगावर तो मळका एप्रन, दारातच थांबलेले.

नवे दात लावले की डॉक्टर पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगतात. 'स' नीट आला की दात नीट बसले. आजींनी सुरुवात केली. साठ, एकसष्ट, बासष्ट. चौसष्टपर्यंत छान गेल्या, मग अडसष्ट म्हणाल्या, स्वतःशीच चुकल्याचं लक्षात आलं आणि सुनेकडे न बघताच हसल्या.

कवळीकर बघत होते. त्यांनी दाराची चौकट धरली. पाच वर्षांनी ते हसू त्यांच्यासमोर आलं होतं आणि ते एका अनोळखी बाईच्या चेहऱ्यावर होतं.

आजी आरशात बघून म्हणाल्या, "वाईट नाही दिसत. पण ही कोण बाई? ही काही मी नव्हे."

"माझी चूक झाली, आजी," कवळीकर म्हणाले. "उद्या सरळ करून देतो."

"कुणाचे हो हे दात?"

कवळीकरांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग आजींकडे. "आमच्या घरातले."

आजींनी आरसा खाली ठेवला. डॉक्टरांना हात नाही लावू दिला. स्वतःच दोन्ही हातांनी मेणाचे दात अलगद काढले आणि कवळीकरांच्या तळहातावर ठेवले. "मग जपून न्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता खिडकीतून चिठ्ठी आली. नंबर नव्हता. 'ताई, तुम्ही जा म्हणालात ते खरं, की तसं म्हणायचं असतं म्हणून?'

मी पेन उचललं आणि ठेवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला दोन ओळी जमेनात. बाकावर चार पेशंट होते. त्यांना "झालंच" म्हणाले, उठले आणि मागच्या खोलीत गेले. डबा बंदच होता. स्पिरिटचा दिवा पेटलेला, त्याच्यापुढे आजींचे मेणातले दात, तो दात अजून तसाच वाकडा. बसायला स्टुलाशिवाय काही नव्हतं. कवळीकरांनी प्लास्टरची पिशवी उचलून खाली ठेवली. मी बसले.

"म्हणायचं असतं म्हणून," मी म्हटलं.

"मग खरं काय?"

"खरं म्हणजे जाऊ नका." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता आलं नाही. "तुम्हाला राहा म्हणायचा मला काही अधिकार नाही, तुम्ही माझे कुणी नाही, तुमचं भलं तिकडेच आहे. पण जाऊ नका. तुम्ही गेलात की मी लिहू कुणाला? मला फार एकटं वाटेल. झालं, बोलले."

ते दिव्याकडे बघत म्हणाले, "मी हात मेणावर ठेवला होता, ताई. तुमची चिठ्ठी वाचली होती, सगळं ठरवलेलं होतं. हाताने आपोआप तिचाच दात लावला. मला कळलंसुद्धा नाही. अजून इथंच बसलो, तर मी सगळ्या गावाला तिचे दात लावत सुटेन."

मी हसले. ते पण. मग दोघांनीही हसू आवरलं.

त्यांनी छोटी सुरी ज्योतीवर धरली, तापवली, आणि त्या दाताच्या मुळाशी मेणात घातली. मेण मऊ झालं. दात बोटाने मागे सरला, आपल्या जागी जाऊन बसला. एक-दोन सेकंदांचं काम. त्यांनी फुंकर घातली, मेण घट्ट झालं. आता ते दात आजींचे होते. आधी सुनेकडे बघून मग हसणाऱ्या आजींचे.

"आता जाता येईल," ते म्हणाले.

"मी जाऊ नका म्हणाले!"

"म्हणून तर." त्यांनी खणातून फॉर्म काढला. "महिनाभर सगळे जा म्हणतायत. प्रत्येक जण जा म्हणाला की मला वाटायचं, म्हणजे मी इथं होतो तरी कुठं? काही हललंच नसतं माझ्या जाण्यानं. असं कसं निघायचं? पाय निघत नव्हता. आज कुणीतरी नको म्हणालं." ते थांबले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "म्हणजे मी इथं होतो."

आणि त्यांनी सही केली. माझ्यासमोर. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आयुष्यात एकदा मनातलं बोलावं आणि समोरच्याने त्याच्याच जोरावर निघून जावं! मी उठले, पिशवी उचलून धाडकन स्टुलावर ठेवली आणि पुढे येऊन बसले. एका पेशंटने विचारलं, "ताई, तुमचा दात दुखतोय का?" मी म्हटलं, "हो."

ते गेले त्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले नाही. दवाखान्याच्या पायरीवरच निरोप घेतला. खरंच दोनच बॅगा होत्या. "चिठ्ठ्या पाठवत जा," ते म्हणाले. "खोक्यात घाला."

मी घालते. दर वेळी. यंत्रावरून जबडा तारेने जातो, तरी कंपनीला जाणाऱ्या कागदांच्या खोक्यात मी त्यांच्यासाठी माझी चिठ्ठी घालते. 'डावा गाल आधी हलतो.' 'हसायला घाबरतात, विचारलं तर नाही म्हणतात.' सुरुवातीचे काही महिने खोक्यातून दात आले ते तसेच, एका मापाचे, कवायतीला उभे. मग एकदा त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. म्हणाले, माणसं चांगली आहेत, जेवायला एकत्र बसतो, गोंगाट असतो. चिठ्ठ्या मिळतात. पण तिथं दात यंत्र लावतं, त्यांच्याकडे येतो तेव्हा फक्त रंग द्यायचा उरलेला असतो. "वाचतो मात्र सगळ्या," ते म्हणाले. मग लगेच फोन ठेवला. आम्हाला फोनची सवयच नव्हती.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मागची खोली रिकामी करायला सांगितलं. तिथं आता दुसरी खुर्ची बसवायची आहे. साचे टाकायला माणसं येणार होती, त्याआधी मी एकदा फळ्यांवरून नजर फिरवायला गेले. नंबर बघत गेले. ४१२, नवरा होता तेव्हा फारसं न हसणाऱ्या. मास्तर. खुर्ची हलवणारे. प्रत्येक साच्याखाली त्यांनी माझी चिठ्ठी घडी करून ठेवली होती. एकोणीस वर्षांच्या सगळ्या. माझंच अक्षर, शेकडो माणसांचं हसू.

१३०७ हा माझा नंबर. मी तो साचा उचलला, नुसता बघायला. त्याच्याखाली काही असेल असं मला वाटलंच नव्हतं, कारण माझी चिठ्ठी लागली नव्हती.

घडी होती. अक्षर माझं नव्हतं.

'पुढच्या टेबलावरच्या ताई. यांची चिठ्ठी कुणाला मागणार? स्वतः ऐकलं. मोठ्याने हसतात आणि मधेच थांबतात, आपण एकट्याच हसतोय असं वाटून. एकट्या नसतात. इकडे ऐकू येतं.'

मी उभ्या उभ्या ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा अक्षर दिसेना. पुढे बाकावरून कुणीतरी विचारत होतं, "ताई, अजून किती वेळ?" माझ्या तोंडून "झालंच" निघेना.